नाटकाचा शेवट झाकूनही फुटतो, त्याची कारणे आणि उपाय

सांगली-मिरजेच्या नाट्यरसिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक तक्रार पुन्हा पुन्हा डोके वर काढते. पुण्यामुंबईत एखादे रहस्यनाट्य रंगभूमीवर येते, दौरा करीत करीत ते सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात किंवा मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात पोचायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि मधल्या काळात पुण्याला लेकीकडे गेलेले कोणीतरी प्रयोग पाहून येते व त्याच रात्री गटात भरभरून लिहिते. लिहिणाऱ्याच्या मनात वावगे काही नसते. वर ‘सावधान, सस्पेन्स आहे’ असा इशारा दिलेला असतो, मजकूर आपल्या परीने झाकलेलाही असतो, आणि तरीही सकाळच्या चहापर्यंत निम्म्या गटाला खुनी कोण ते कळलेले असते. मग ‘कृपया सस्पेन्स फोडू नये’ असा ठराव होतो, काही दिवस शांततेत जातात, आणि पुढच्या नाटकाला तेच घडते.

ठरावाने हे थांबत नाही, कारण मुद्दाम शेवट फोडणारा माणूस गटात क्वचितच असतो. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रकारांत झाकलेला मजकूर बहुतेक वेळा शाबूत होता. गळती झाली ती त्याच्या आजूबाजूने: इशाऱ्याच्या ओळीतून, फोनच्या पडद्यावर वर झळकणाऱ्या सूचनेतून, कोणाच्या तरी उत्तरातून, किंवा एका गटातून उचलून दुसऱ्या गटात चिकटवलेल्या प्रतीतून. म्हणून दुरुस्ती करायची ती मुख्यतः न झाकलेल्या भागाची, आणि त्यातही पहिल्या दोन-तीन ओळींची.

झाकण्याजोगे काय, हे आधी ठरवावे

सगळेच झाकू लागले की गट वाचणे अशक्य होते, आणि प्रत्येक निरोपावर इशारा दिसू लागला की इशाऱ्याकडे कोणी पाहतही नाही. त्यामुळे कोणत्या नाटकाला झाकण लागते आणि कोणत्या नाही, हे गटाने एकदा मोकळेपणाने ठरवून टाकणे बरे.

पौराणिक नाटकाला ते लागत नाही. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक होते. सूत्रधार कथा गाऊन सांगे, पात्रे तिच्या अनुरोधाने सोंग वठवीत आणि आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. पाहणाऱ्याचे लक्ष ते कसे वठते याकडे असे. आजही कीर्तनात आख्यान लागले म्हणजे शेवट आधीच माहीत असल्याची तक्रार कोणी करीत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ घ्या. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर घेत असलेला संशय निराधार आहे, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून कळत असते, आणि पात्रांना ते कळत नाही यातच नाटकाची गंमत भरलेली आहे. अशा नाटकाचे कथानक सांगितल्याने कोणाचे काही बिघडत नाही. ज्यांनी ते पाहिलेले नाही अशा तरुण मुलांना तर कथानक सांगून नाटकाकडे ओढता येते.

रहस्यनाट्याचे मात्र वेगळे आहे, कारण तिथे प्रेक्षकाला पात्रांइतकेच किंवा त्यांच्याहून कमी माहीत ठेवणे हीच लेखकाची युक्ती असते. अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून लंडनमध्ये चालू आहे (मधली महामारीतली खंडित मुदत सोडून), आणि तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना रंगमंचावरूनच विनंती केली जाते की रहस्य बाहेर सांगू नका. आपल्याकडे अशी विनंती कधी जाहिरातीत दिसते, कधी पडदा पडल्यावर ऐकू येते, पण ती ऐकलेला प्रेक्षक गावी परतेपर्यंत तिची धार गेलेली असते.

दोहोंच्या मधे असलेली नाटके बरीच असतात: कौटुंबिक नाटक, पण दुसऱ्या अंकात एक जुनी गोष्ट उघड होते, विनोदी नाटक, पण शेवटी एक पात्र वेगळेच निघते. इथे माझे मत असे की, एखादी गोष्ट कळल्यावर आधीचे प्रवेश वेगळ्या नजरेने दिसू लागत असतील तर ती झाकावी, एरवी मोकळे लिहावे. नायकाची नोकरी जाते, हे झाकायची गरज नाही. ती कोणी घालवली हे तिसऱ्या प्रवेशात कळत असेल, तर ते झाकावे.

मुदतीचा प्रश्नही असतो. पुण्याच्या रसिकांच्या गटाला महिनाभर पुरेसा वाटतो, पण आपल्याकडे नाटक आलेलेच नसते. त्यामुळे तारखेवरून मोजण्यापेक्षा गावातल्या पहिल्या प्रयोगावरून मोजणे योग्य: सांगली किंवा मिरजेत प्रयोग होऊन एखादा आठवडा उलटला की इशारा पुरे, झाकण नको. राज्य नाट्य स्पर्धेत केंद्रावर होणाऱ्या हौशी संस्थांच्या प्रयोगांबद्दल मात्र दुसऱ्याच दिवशी मोकळे लिहावे. त्यांचा प्रयोग बहुतेकदा तेवढाच असतो, आणि कलाकारांना सविस्तर अभिप्राय मिळणे प्रेक्षकांच्या उत्सुकतेपेक्षा महत्त्वाचे असते. ते नाटक अंतिम फेरीला गेले तर पुढचे पुढे पाहता येते.

इशाऱ्याची ओळच शेवट सांगते

हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा. एक नमुना पाहू. नाटक काल्पनिक आहे, पण असे निरोप आपण सर्वांनी वाचले आहेत:

‘सावधान!! ज्यांनी पाहिले नाही त्यांनी पुढे वाचू नये. शेवटच्या पाच मिनिटांत असा धक्का बसतो की काय सांगू! जिच्यावर शेवटपर्यंत संशयही येत नाही तिने काम काय केले आहे!’

यापुढचा मजकूर लिहिणाऱ्याने काळजीपूर्वक झाकला, पण तोवर तीन गोष्टी बाहेर पडल्या आहेत. पहिली, शेवटी धक्का आहे. हे कळलेला प्रेक्षक पहिल्या अंकापासून पोलिसासारखा बसतो आणि समोर जे उघड दिसते त्यावर विश्वासच ठेवत नाही. दुसरी, तो धक्का शेवटच्या पाच मिनिटांत आहे, म्हणजे त्याआधी जो कोणी पकडला जाईल तो निर्दोष. तिसरी गोष्ट मराठीने स्वतःहून सांगून टाकली: ‘जिच्यावर’ आणि ‘तिने’. नाटकात पाच पात्रे असून त्यांत दोनच स्त्रिया असतील, तर राहिले काय? मराठीत सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही लिंग उघड करतात. नाव झाकणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण बोलताना ते आपल्या कानाला जाणवतच नाही. झाकणाबाहेर लिहावेच लागले तर ‘पात्र’ हा शब्द सोयीचा आहे. ‘ते पात्र’, ‘त्या पात्राने’ असे लिहिले की चुगली होत नाही.

कौतुकातून होणारी गळती याहून सूक्ष्म असते. ज्या पात्राचा पहिल्या अंकातच मृत्यू होतो असे प्रेक्षकाला वाटते, त्या पात्राच्या नटाबद्दल कोणी लिहिले की ‘दुसऱ्या अंकात तर त्यांनी कमाल केली’, तर सगळे संपलेच. कलाकारांची तारीफ झाकणाबाहेर करायची असेल तर अंकाचा, प्रवेशाचा उल्लेख टाळावा, किंवा सरळ सर्वांची एकत्र करावी.

आता तोच निरोप नीट कसा लिहिता येतो ते पाहू. पहिल्या ओळीत नाटकाचे नाव, आणि झाकलेला मजकूर कुठवरचे उघड करतो तेवढे: ‘पहिल्या अंकापर्यंत’ किंवा ‘संपूर्ण नाटक, शेवट धरून’. ‘धक्का’, ‘कलाटणी’, ‘विश्वास बसणार नाही’ हे शब्द इशाऱ्यात आणू नयेत. ‘पाहिलेल्यांसाठी’ एवढे पुरते. त्यानंतर लगेच झाकण न घालता, ज्यांनी नाटक पाहिलेले नाही त्यांना उपयोगी पडेल असे चार-सहा ओळींत लिहावे: प्रयोग किती वेळ चालतो, मध्यंतर केव्हा होते, मागच्या रांगांत संवाद ऐकू येतात का, लहान मुलांना न्यावे का, नेपथ्य कसे आहे, तिकिटाचे पैसे वसूल होतात का. त्याखाली झाकलेला भाग. याचा फायदा दुहेरी होतो. न पाहिलेल्या सभासदाला वाचायला काहीतरी मिळते, त्यामुळे तो चिडत नाही. आणि पुढे सांगितले आहे त्याप्रमाणे, फोनवर आपोआप दिसणारा भाग हा नेमका याच ओळींचा असतो.

फोन कुठे काय दाखवतो

झाकण्याची सोय प्रत्येक ठिकाणी वेगळी असते आणि एका ठिकाणची सवय दुसरीकडे घेऊन गेल्याने बरेच घोळ होतात.

टेलिग्राममध्ये २०२१ च्या अखेरीपासून यासाठी वेगळी सोय आहे. मजकूर निवडून स्वरूपाच्या यादीतून ‘स्पॉयलर’ घेतले, किंवा मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या, की तो भाग धुरकट होतो आणि बोट लावल्यावरच उघडतो. पुढे छायाचित्रांनाही ही सोय मिळाली, त्यामुळे शेवटच्या प्रवेशाचा फोटो टाकणाऱ्यांची अडचण दूर झाली. तिथे गळती होते ती वेगळ्या वाटेने. टेलिग्रामवरचे परीक्षण कोणाला आवडते, तो ते कॉपी करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात चिकटवतो. त्या प्रवासात धूर नाहीसा होतो आणि खुन्याचे नाव साध्या अक्षरांत समोर येते. ज्या रसिकांचे दोन्हीकडे गट आहेत त्यांच्याकडे हा प्रकार हमखास घडतो, आणि दोष मात्र मूळ लिहिणाऱ्याला लावला जातो. म्हणून टेलिग्रामवरच्या अशा निरोपाच्या तळाशी ‘दुसरीकडे चिकटवल्यास झाकण उघडते’ अशी ओळ लिहावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर ताऱ्यांमध्ये मजकूर अडकवला की ठळक होतो, खालच्या रेघेने तिरपा, नागमोडी चिन्हाने खोडलेला. यांतली एकही खूण मजकूर झाकत नाही. नागमोडी चिन्हाने खोडलेले वाक्य काही मंडळी लपवलेले समजतात, प्रत्यक्षात ते आधी डोळ्यांत भरते.

तिथे लोक दोन युक्त्या करतात. पहिली, मधे पुष्कळ रिकाम्या ओळी सोडणे. गप्पांच्या आत ते ठीक दिसते, पण गप्पांच्या यादीत आणि सूचनेत निरोपाचा सुरुवातीचा भाग दाटीवाटीने दिसतो, आणि रिकाम्या ओळी तिथे गळून पडल्या की इशाऱ्याला लागूनच शेवट येतो. दुसरी युक्ती एकेक टिंब देत वीस-पंचवीस ओळी खाली जाण्याची. ती गळत नाही, पण पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय वापरणाऱ्या सभासदाला हा टिंबांचा पाऊस ऐकत बसावा लागतो. नाटक कानांनी अनुभवणारे दृष्टिहीन रसिक आपल्या गटांत असतात, आणि टिंबांच्या पलीकडचा मजकूरही फोन न थांबता त्यांना वाचून दाखवतो. वर सांगितलेल्या उपयोगी ओळी लिहिल्या तर या दोन्ही युक्त्यांची गरज उरत नाही: निरोप पुरेसा लांब झाला की व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच तो दुमडून खाली ‘रीड मोअर’ देते, आणि शेवटाचा भाग त्या घडीच्या आत जातो. तरी झाकलेल्या भागाच्या आधी ‘पुढे शेवट आहे, इथे थांबावे’ असे एक स्वतंत्र वाक्य लिहावे, म्हणजे ऐकणाऱ्यालाही थांबता येते.

घडी नेमकी कुठे पडेल याचा अंदाज लिहिताना येत नाही. त्यासाठी निरोप आधी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवावा, तो फोन कुलूपबंद असताना पडद्यावर काय झळकते ते पाहावे, मग गप्पा उघडून घडी पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे. स्वतःलाच निरोप पाठवून हे तपासता येत नाही, कारण स्वतःच्या निरोपाची सूचना स्वतःला येत नाही.

व्हॉइस मेसेज हा मला सर्वांत सोपा उपाय वाटतो, विशेषतः ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे अशा ज्येष्ठ मंडळींसाठी. बोललेला शेवट सूचनेत दिसत नाही. फक्त एक अडचण लक्षात ठेवावी: लागोपाठ आलेले व्हॉइस मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एकामागून एक आपोआप वाजवते. कोणी ‘उद्या तिकीट खिडकी किती वाजता उघडते’ हा प्रश्न बोलून विचारला आणि त्याच्याच खाली तुमचा शेवट असेल, तर पहिला ऐकणाऱ्याच्या कानावर दुसराही पडतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाटकाचे नाव घेऊन ‘शेवट सांगतो आहे’ असे म्हणावे आणि दोन क्षण थांबावे, तेवढ्यात ऐकणाऱ्याला बंद करता येते.

दुव्याकडे कोणी गळती म्हणून पाहत नाही. वर्तमानपत्रातल्या परीक्षणाचा दुवा टाकला की त्याचे शीर्षक आणि छायाचित्र चौकटीत आपोआप उमटते, आणि शीर्षक देणाऱ्याने कधी कधी सगळे शीर्षकातच सांगितलेले असते. पाठवण्यापूर्वी त्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवले की चौकट जाते, दुवा राहतो. मात्र काही दुव्यांच्या पत्त्यातच शीर्षक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते, तेही एकदा नजरेखालून घालावे. परीक्षण पीडीएफ करून पाठवले तर पहिल्या पानाचा वरचा भाग गप्पांतच दिसतो. म्हणून पहिल्या पानावर नाव आणि श्रेयनामावली ठेवून मुख्य मजकूर दुसऱ्या पानापासून सुरू करावा.

जुन्या दिवाळी अंकांत कोड्यांची उत्तरे उलटी छापलेली असत किंवा ‘उत्तरे पान अमुकवर’ अशी सूचना असे. बघायची इच्छा असलेल्याला थोडे कष्ट पडावेत आणि नसलेल्याची नजर चुकूनही तिथे जाऊ नये, ही त्यामागची सोय होती. इंग्रजीत संगणकाच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक अक्षर वर्णमालेत तेरा घरे पुढे सरकवून मजकूर लपवीत; सव्वीस अक्षरांची ती मांडणी काना-मात्रा-जोडाक्षरांच्या देवनागरीला लावता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका इतिहासप्रेमी गृहस्थांनी शेवट मोडी लिपीत लिहावा अशी सूचना केली होती. कल्पना झकास आहे, पण कागदावर लिहून त्याचा फोटो टाकावा लागेल, आणि गटातल्या ज्या दोघा-तिघांना मोडी येते ते इतरांना वाचून दाखवल्याशिवाय राहणार नाहीत.

उत्तरांतून होणारी गळती

निरोप निर्दोष असला तरी खाली येणारी उत्तरे निर्दोष असतील याची खात्री नसते. ‘मला वाटलंच होतं, डॉक्टरच!’ हे तीन-चार शब्द सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात, आणि लिहिणाऱ्याला आपण काही फोडले असे वाटतही नाही, कारण त्याच्या लेखी चर्चा झाकलेल्या भागातच चालली आहे. झाकण मूळ निरोपाला असते, उत्तराला ते आपोआप लागत नाही. पाहिलेल्या दोघांना शेवटाबद्दल बोलायचे असेल तर निरोपावर बोट दाबून खासगीत उत्तर देण्याची सोय वापरावी. गट मोठा असेल तर ‘पाहून आलो’ असा वेगळा गट प्रत्येक नाटकापुरता काढून चर्चा तिकडे नेणे सर्वांत उत्तम. चार लोकांची हौस भागते आणि बाकीचे निर्धास्त राहतात.

अंदाज बांधणाऱ्यांचे प्रकरण जरा नाजूक आहे. नाटक न पाहिलेला एखादा हुशार सभासद जाहिरातीवरून तर्क लढवतो आणि विचारतो, ‘खुनी तो नोकर असणार ना?’ तर्क चुकला असेल तर पाहिलेले लोक उत्साहाने ‘नाही नाही’ लिहितात. बरोबर असेल तर सगळे एकदम गप्प होतात किंवा हसरी चिन्हे टाकतात. त्या शांततेवरून बाकीच्यांना उत्तर मिळतेच. यावर उपाय एकच: तर्काला पाहिलेल्यांपैकी कोणीही कोणतेच उत्तर द्यायचे नाही, चुकीचा असला तरी नाही, आणि हे आधीच सर्वांना माहीत असायला हवे.

फुटल्यावर काय करावे

शेवट बाहेर पडलाच तर पहिला तास महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो, आणि दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सर्वांसाठी पुसता येतो. गटाच्या अ‍ॅडमिनलाही दुसऱ्याचा निरोप पुसता येतो. सुधारण्यापेक्षा पुसून नव्याने टाकणे बरे, कारण घाईत सुधारताना एखादा शब्द हमखास राहतो.

‘वरचा मेसेज वाचू नका, त्यात शेवट आहे’ असे मात्र कोणी गटात लिहू नये. ज्यांनी तो पाहिलाही नव्हता ते सगळे वर जाऊन पाहतात. सुविचार आणि शुभ सकाळच्या फुलांची रास ओतून निरोप वर ढकलण्याचाही उपयोग नाही, कारण गट उघडला की व्हॉट्सअ‍ॅप पहिल्या न वाचलेल्या निरोपापाशी नेऊन सोडते.

लिहिणारी व्यक्ती वयाने मोठी असेल तर गटात टोकणे टाळावे. फोन करावा, आणि तोही अपराध सांगण्याच्या सुरात नको. ‘अण्णा, तुमचं परीक्षण फार छान झालंय, पण आपल्याकडे प्रयोग अजून व्हायचाय, तर शेवटचा परिच्छेद तेवढा खाली घडीत टाकून परत पाठवाल का? तोवर मी वरचा काढून ठेवतो,’ असे म्हटले की अण्णा रागावत नाहीत. उलट ‘अरे, मला कुठं माहीत ते घडीत कसं टाकायचं, तूच टाक की,’ असे उत्तर येते, आणि पुढच्या वेळी ते पाठवण्यापूर्वी विचारतात. हाच मजकूर गटात चारचौघांत लिहिला तर अण्णा गट सोडून जातात आणि त्यांची परीक्षणेही जातात. ती गटातली सर्वांत वाचनीय असतात, हे लक्षात ठेवावे.

लांब मजकुराची घडी

यात रहस्याचा प्रश्न नाही, पण तक्रार तितकीच जुनी आहे. परीक्षण लांब असणे हा दोष नाही. दोष हा की लांब परीक्षणाच्या शेवटी, घडीच्या आत, ‘रविवारचा प्रयोग रात्री साडेनऊऐवजी सायंकाळी पाच वाजता आहे’ अशी ओळ टाकलेली असते, आणि मग रात्री नऊ वाजता दोन कुटुंबे नाट्यगृहाच्या बंद दारापाशी उभी राहतात. वेळ, स्थळ, पैसे, रद्द झालेला प्रयोग, यांतले काहीही घडीच्या आत जाता कामा नये. त्यासाठी स्वतंत्र, छोटा निरोप पाठवावा.

घडी टाळण्यासाठी एक परीक्षण दहा तुकड्यांत पाठवणे हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट आहे. दहा वेळा फोन वाजतो, मधेच कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा घालतो आणि सातवा तुकडा पाचव्याच्या आधी वाचला जातो. एकच निरोप, आणि सुरुवातीच्या तीन ओळींत तुमचे मत: नाटक पाहावे की नाही, आणि का. उरलेले ज्याला हवे तो उघडून वाचेल. टेलिग्रामवर अवतरणाचा भाग दुमडून ठेवण्याची सोय आहे. लांब उतारा द्यायचा तर ती वापरावी, पण ती शेवट लपवण्यासाठी वापरू नये, कारण दुमडलेल्या अवतरणाच्या पहिल्या ओळी उघड्याच राहतात.

हे सर्व गटात एकदा सांगून ठेवायचे तर पिन करून भागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पिन केलेला निरोप जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, आणि नाटक पुण्याहून सांगलीला यायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. गटाच्या वर्णनात लिहिलेले मात्र टिकते. नव्याने येणाऱ्या सभासदालाही तिथे सापडते. तिथे चारच ओळी पुरतात: पहिल्या ओळीत नाटकाचे नाव आणि कुठवरचे उघड केले आहे ते, त्याखाली न पाहिलेल्यांच्या उपयोगाचे, मग घडीच्या आत शेवट, आणि शेवटावरची चर्चा खासगीत किंवा ‘पाहून आलो’ गटात. वेळापत्रकातला बदल नेहमी वेगळ्या निरोपात, ही पाचवी ओळ जागा उरली तर लिहावी.